दाताच्या डॉक्टरला फिजिक्स कशाला?



दरवर्षी दहावीचा निकाल लागला की माझ्या कळंब्यातल्या दवाखान्यात एक वेगळीच ओपीडी सुरू होते. बीपी, शुगर दाखवायला आलेले आई-वडील जाता जाता परत खुर्चीत टेकतात आणि म्हणतात, "डॉक्टर, पोरांचं जरा विचारायचं होतं." मग ग्रुप कुठला घ्यायचा, क्लास कुठला लावायचा, मेडिकल नाही झालं तर काय, असे प्रश्न येतात. बाहेर बाकावर पेशंट ताटकळत असतात, तरी मी या प्रश्नांना वेळ देतो. यंदाचा एक प्रश्न मात्र दोन मिनिटांत संपण्यासारखा नव्हता.

विचारणारे गृहस्थ उद्यमनगरात लेथवर काम करतात. दहा-बारा वर्षांपासून माझे बीपीचे पेशंट. सोबत मुलगी होती, दहावीला ९१ टक्के. तिला दातांची डॉक्टर व्हायचंय. एका क्लासमध्ये चौकशी केली तेव्हा तिथल्या माणसानं सांगितलं, "डेंटलच करायचंय ना? मग फिजिक्सच्या मागं लागूच नका. बायोलॉजीत ३०० काढा, केमिस्ट्रीत १०० काढा, काम झालं. कॉलेज नावापुरतं. प्रॅक्टिकलचं आम्ही बघतो."

वडील मला म्हणाले, "मला बी पटलं बघा डॉक्टर. दाताच्या डॉक्टरला फिजिक्स कशाला लागतंय?"

हा ब्लॉग आरोग्याचा आहे, करिअर गायडन्सचा नाही. तरी हा विषय घेतोय, कारण ही मुलगी सात वर्षांनी कुणाच्या तरी तोंडात ड्रिल घालणार आहे. अकरावी-बारावीची दोन, बीडीएसची चार आणि इंटर्नशिपचं एक, झाली सात वर्षं. ते तोंड तुमचं असेल किंवा माझं. तेव्हा तिनं फिजिक्स शिकायचं की सोडायचं, हा फक्त तिच्या घरचा प्रश्न उरत नाही.

आधी नियम समजून घेऊ

बीडीएसला जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि ते पास हवेत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. गणिताची सक्ती नाही.

त्यावर ‘नीट’ परीक्षा. एकूण ७२० मार्क. बायोलॉजी ३६०, केमिस्ट्री १८०, फिजिक्स १८०. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ वजा. २०२५ पासून १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. पात्र ठरायला खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल लागतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्या मुलांच्या पुढे असणं, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ साली ही रेषा ७२० पैकी १४४ मार्कांवर आली. म्हणजे २० टक्के.

इथंच घरोघरी एक गैरसमज होतो. पात्र ठरणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे. पात्र ठरलं की रांगेत उभं राहता येतं. जागा मिळते ती रांगेतल्या नंबरावर.

क्लासवाल्याचा हिशेब बरोबर आहे, तीच अडचण आहे

क्लासमधला माणूस खोटं बोलला असता तर मला हा लेख लिहावाच लागला नसता. त्याचा हिशेब कागदावर बरोबर आहे. ‘नीट’मध्ये विषयवार पास व्हायची अट नाही. फिजिक्समध्ये शून्य पडला तरी एकूण मार्कांवर मुलगी पात्र ठरू शकते. दोघांचे मार्क सारखे झाले तर आधी बायोलॉजीचे बघतात, मग केमिस्ट्रीचे आणि मग फिजिक्सचे. बारावीलाही बायोलॉजी आणि केमिस्ट्री चांगली गेली तर फिजिक्समध्ये काठावर पास झालेलं चालून जातं, कारण टक्के तिन्ही विषयांचे मिळून धरतात.

शिवाय डेंटलच्या खासगी कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात, हेही खरं. २०२०-२१ च्या प्रवेशात देशभरात बीडीएसच्या सुमारे सात हजार जागा उरल्या होत्या. तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पात्रतेची रेषा १० पर्सेंटाइलनं खाली आणायला सांगितलं. म्हणजे पैसे भरायची तयारी असेल तर फिजिक्स न येता दाताचा डॉक्टर होता येतं. माझा राग नेमका या "होता येतं" वर आहे.

सरकारी जागेचं मात्र तसं नाही. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं, आणि मुंबई महापालिकेचं नायर. आपल्या भागात पारगावला, सांगलीला, कराडला डेंटल कॉलेजं आहेत, पण ती खासगी. लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या मुलीला सरकारी फीमध्ये शिकायचं असेल तर १८० मार्क सोडून देणं परवडणारं नाही. ज्यांना फी परवडते त्यांच्यासाठी असलेला सल्ला क्लासवाल्यानं ज्यांना परवडत नाही त्यांच्या गळ्यात मारला. वर त्याचेही पैसे घेतले.

अमेरिकेतला उलटा प्रकार

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या मुलीलाही दातांची डॉक्टर व्हायचंय. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला होता, तिनं फिजिक्सचा कुठला कोर्स घ्यावा म्हणून. तिकडं आधी पदवी करावी लागते आणि मग डेंटल स्कूल. बहुतेक डेंटल स्कूलना पदवीच्या काळात वर्षभराचं फिजिक्स लागतं, तेही प्रयोगशाळेसकट. कॉलेजात फिजिक्सचे दोन प्रकार असतात. एक इंजिनिअरिंगच्या मुलांचा, कॅल्क्युलसवर चालणारा. दुसरा साध्या बीजगणितावर चालणारा. डेंटलला साधारणपणे दुसरा चालतो.

गंमत पुढं आहे. तिकडच्या डेंटलच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्सचा एकही विभाग नाही. बायोलॉजी आहे, केमिस्ट्री आहे, नजरेनं आकार ओळखायची चाचणी आहे, वाचन आहे, गणित आहे. फिजिक्स नाही. तरी कॉलेज म्हणतं, वर्षभर शिका, प्रयोग करा आणि मगच या.

आपल्याकडं परीक्षेत पाव हिस्सा फिजिक्स आहे आणि प्रयोगशाळेला कुलूप आहे. बारावी बोर्डात फिजिक्सची लेखी परीक्षा ७० मार्कांची आणि प्रात्यक्षिक ३० चं. हे ३० मार्क बहुतेक ठिकाणी कसे पडतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मुलाचं नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, आणि जर्नल कुणाची तरी बघून एका रात्रीत उतरवलेली. स्क्रू गेज कधी हातात घेतलेला नसतो, पण त्याची रीडिंग मात्र सुबक अक्षरात लिहिलेली असतात.

आणि लक्षात घ्या, बारावीनंतर या मुलीला फिजिक्स कुणी शिकवणार नाही. बीडीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री, दातांची रचना. दुसऱ्या वर्षी डेंटल मटेरियल, म्हणजे दातात भरायची द्रव्यं. तिथं उष्णतेनं होणारं प्रसरण, ताण, दाब हे शब्द येतात ते ‘तुम्हाला हे माहीतच आहे’ असं धरून. फिजिक्सचा वेगळा पेपर नाही. अकरावी-बारावीत राहिलं ते कायमचं राहिलं.

उद्यमनगरचा लेथ आणि दाताचं ड्रिल

मी त्या गृहस्थांना विचारलं, "लेथवर काम करताना कुलंट बंद केलं तर काय होतं?"

ते हसले. "टूल जळतंय की. जॉब निळा पडतोय."

"तुमचा चक किती फेरे फिरतो?"

"हजार, दीड हजार. लई झालं तर दोन हजार."

दाताचं हवेवर चालणारं ड्रिल मिनिटाला तीन ते चार लाख फेरे फिरतं. घासल्यानं उष्णता तयार होते, म्हणून टोकावर सतत पाण्याचा फवारा लागतो. दाताच्या आत जिवंत गाभा असतो, ज्याला आपण ‘नस’ म्हणतो. १९६५ साली माकडांच्या दातांवर एक गाजलेला प्रयोग झाला. गाभ्याचं तापमान साडेपाच अंशांनी वाढवल्यावर १०० पैकी १५ दातांचा गाभा मेला. साडेपाच अंश म्हणजे फार नाही. आंघोळीचं पाणी एवढं बदललं तर आपण नुसता नळ फिरवतो.

माझ्या एका पेशंटची गोष्ट सांगतो. त्यांना तोंडात पाणी साठलं की गुदमरल्यासारखं व्हायचं, म्हणून दाढ कोरताना पाणी बंद ठेवलं गेलं. कुठं, कुणी, ते महत्त्वाचं नाही. दोन-तीन महिन्यांनी ती दाढ ठणकायला लागली आणि शेवटी रूट कॅनल करावं लागलं. फक्त पाण्यामुळंच तसं झालं, असं मी छातीठोक म्हणणार नाही, कीडही खोल होती. पण उद्यमनगरातला कुठलाही कारागीर कोरड्यानं तसं काम करणार नाही. लोखंडाला जपतो तेवढं आपण दाताला जपायला हवं.

हे ऐकून गृहस्थ गप्प झाले. मग मुलीकडं बघून म्हणाले, "म्हणजे ह्यांचं बी आमच्यासारखंच हाय."

आणखी तीन ठिकाणं, जिथं तुमचा जीव गुंतलेला आहे

एक्स-रे. राँटजेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले. दोनच महिन्यांनी, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतले दंतवैद्य वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी २५ मिनिटं किरण घेतले. अमेरिकेतले दंतवैद्य केल्स हे या कामातले अग्रणी. वर्षानुवर्षं हात किरणांत धरून त्यांना कर्करोग झाला आणि बोटं, हात कापावे लागले. आज मशिनं खूप सुरक्षित आहेत, किरण अगदी थोडे लागतात, तेव्हा दाताच्या एक्स-रेला घाबरू नका. पण ते सुरक्षित ठेवणारा नियम बारावीच्या फिजिक्समधला आहे. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथा हिस्सा होतो, तिप्पट केलं की नववा. दोन फुटांवर उभं राहणारी सिस्टर सहा फुटांवर गेली तर तिला नववा हिस्साच लागतो. हा नियम ज्याला नुसता पाठ आहे तो परीक्षेत चार मार्क मिळवतो. ज्याला तो कळलाय तो दिवसातून वीस वेळा न कंटाळता मागं सरकतो आणि पेशंटच्या आईलाही मागं सरकवतो.

निर्जंतुकीकरण. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथं पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. हत्यारं कितीही वेळ उकळत ठेवली तरी तापमान त्याच्या वर जात नाही आणि काही जंतूंचे बीजाणू त्यातून जिवंत राहतात. म्हणून ऑटोक्लेव्ह लागतो. झाकण घट्ट, आत वाफेचा दाब, त्यामुळं १२१ अंश, साधारण १५ ते २० मिनिटं. तुमच्या कुकरचंच तत्त्व. आता कुकरमध्ये डबे ठासून भरले तर मधला भात कच्चा राहतो, हे घरातल्या बाईला माहीत असतं. ऑटोक्लेव्हमध्ये हत्यारांची पाकिटं ठासून भरली तर वाफ मधल्या पाकिटाला पोचत नाही, हे डॉक्टरला माहीत हवं. कावीळ बी सारखा आजार रक्ताच्या दिसणारही नाही अशा अंशातून पसरतो, तेव्हा ही बारीकसारीक गोष्ट नाही.

कवळी. वरची कवळी टाळूला चिकटून राहते ती कशानं? दोन काचांच्या मध्ये पाण्याचा थेंब पडला तर त्या सुटता सुटत नाहीत, तसंच. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो. त्याचा पृष्ठताण आणि बाहेरच्या हवेचा दाब कवळी धरून ठेवतात. हे मला दवाखान्यात कामाला येतं. शुगर वाढलेले किंवा सर्दी-ॲलर्जीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्या घेणारे आजोबा "कवळी ढिली झाली" म्हणून नवी करायला निघतात. बऱ्याचदा कवळी ठीक असते, तोंड कोरडं पडलेलं असतं. गोळी बदलली, शुगर आटोक्यात आणली की जुनीच कवळी परत बसते. हजारो रुपये वाचतात. तेव्हा नवी कवळी करण्याआधी आपल्या गोळ्यांची चिठ्ठी दाताच्या डॉक्टरांना दाखवा आणि फॅमिली डॉक्टरांनाही विचारा.

दात उपटायचं हत्यार तरफ आणि पाचर यांच्या तत्त्वावर चालतं. तारा लावून दात सरकवणं हा बल आणि त्याच्या दिशेचा खेळ आहे. दिशा चुकली तर दात सरकण्याऐवजी कलतो. गरम तांबड्या रश्श्यानंतर लगेच आइस्क्रीम खाल्लं की चांदीचं सिमेंट आणि दात वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात. चांदीचं सिमेंट दाताच्या आवरणाच्या दुपटीहून जास्त. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की कडेला बारीक फट पडू शकते. यातलं काहीही बायोलॉजीच्या पुस्तकात नाही.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःचं सांगायला हवं. मी बारावीला होतो तेव्हा ‘नीट’ नव्हती, बारावीच्या मार्कांवर मेडिकलला प्रवेश मिळायचा. मी फिजिक्सची सूत्रं पाठ केली, ढीगभर मार्क पाडले आणि विसरून गेलो.

प्रॅक्टिस सुरू केली तेव्हाची गोष्ट. एक वयस्कर गृहस्थ स्टुलावर बसायचे, हात खाली लोंबकळत. मी तसाच पट्टा बांधून बीपी घ्यायचो. वरचं १५० च्या पुढं यायचं. मी गोळी वाढवली. पंधरा दिवसांनी ते पहाटे उठताना चक्कर येऊन पडले. नशीब, हाड मोडलं नाही. पुन्हा तपासताना हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला ठेवला, तर बीपी बऱ्यापैकी कमी. पट्टा हृदयाच्या खाली गेला की दर १० सेंटिमीटरला बीपी साधारण ८ नं जास्त दिसतं. रक्ताच्या स्तंभाचा दाब, दुसरं काही नाही.

मी ज्या गावात राहतो तिथल्या तलावाचं पाणी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यापर्यंत पंपाशिवाय, निव्वळ उंचीच्या फरकावर जायचं. ते मला लहानपणापासून माहीत होतं. दाबाचं सूत्रही पाठ होतं. पण तलावातलं पाणी आणि माणसाच्या हातातलं रक्त एकाच नियमानं वागतं, हे डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. फिजिक्समध्ये मला चांगले मार्क होते, आणि तरी त्या माणसाला मी पाडलं. म्हणून मार्कांवर माझा फारसा विश्वास नाही. हातानं करून, समजून शिकण्यावर आहे.

"पण डॉक्टर..."

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत.

"आमचे दाताचे डॉक्टर उत्तम आहेत, त्यांना कुठं फिजिक्स आठवतंय?" मान्य. चांगला हात सरावानं तयार होतो, आणि चांगल्या शिक्षकाखाली शिकलेला माणूस सूत्र न आठवताही बरोबर काम करतो. पण नवं मशीन आलं, नवं लेझर आलं, दात पांढरे करायचा नवा दिवा आला, की ते कसं चालतं आणि कुठं इजा करेल हे मशीन विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं की स्वतः समजून घ्यायचं, एवढा फरक पडतोच.

"‘नीट’चं फिजिक्स फार अवघड असतं, पोरं रडतात." तेही मान्य. मिनिटाला एक गणित सोडवण्यानं कुणी चांगला दंतवैद्य होत नाही. हा पेपर बदलायला हवा, त्यात रोजच्या उपयोगाचे प्रश्न यायला हवेत, असं माझंही मत आहे. गावाकडच्या किती तरी ज्युनिअर कॉलेजांत फिजिक्सचा कायमचा शिक्षक नाही, त्यात मुलांचा काय दोष? पण पेपर वाईट आहे म्हणून विषय सोडा, हा सल्ला म्हणजे डबा खराब आहे म्हणून जेवण सोडा म्हणण्यासारखं झालं.

"क्लासवाले अनुभवी असतात." असतात. पण त्यांची जबाबदारी निकालाच्या दिवशी संपते. तुमच्या मुलीची त्या दिवशी सुरू होते.

मग पालकांनी काय करायचं?

१. अकरावीचा अर्ज भरताना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे तिन्ही विषय आहेत ना, हे स्वतः वाचून बघा. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा द्विलक्षी विषय घेताना बरीच मुलं बायोलॉजी सोडतात आणि बारावीत मन बदललं की अडकतात. राहिलेला विषय बारावीनंतर जादा विषय म्हणून देण्याची वाट नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं मोकळी केली, पण त्यात एक वर्ष जातं. त्या त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

२. कॉलेजला एकच प्रश्न विचारा: "प्रॅक्टिकल आठवड्यातून किती वेळा होतात, आणि प्रयोगशाळा बघता येईल का?" जिथं उत्तर द्यायला वेळ लागतो तिथून निघा.

३. गणित झेपत असेल तर ठेवा. नसेल ठेवायचं, तरी फिजिक्सपुरतं चार गोष्टींचं गणित आलंच पाहिजे: गुणोत्तर, आलेख, त्रिकोणमितीची ओळख आणि लॉगरिदम. फिजिक्समध्ये मागं पडणारी बरीच मुलं खरं तर या चार गोष्टींत अडकलेली असतात.

४. ज्या क्लासमध्ये "हा विषय सोडून द्या" असं पहिल्याच भेटीत सांगतात, तो क्लास सोडून द्या.

५. मूल फिजिक्सला घाबरत असेल तर त्याला बोलू नका. रात्रीची झोप सहा-सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. छातीत धडधड, जेवण तुटणं, सतत डोकं दुखणं असं होत असेल तर टॉनिक मागायला येऊ नका, मुलाला घेऊन बोलायला या.

६. आणि खरंच फिजिक्स नकोच असेल, त्यात मन रमतच नसेल, तर आरोग्याच्या क्षेत्राबाहेरही जग आहे. दुसरं काही शिकणं ही हार नव्हे.

पेशंट म्हणून तुम्हीही एवढं करा. दात कोरताना पाणी सुरू आहे ना, हत्यारं तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघाली ना, एक्स-रे काढताना सगळे मागं सरकले ना, हे बघा. नसेल तर नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

ते गृहस्थ परवा बीपी दाखवायला आले होते. हात टेबलावर ठेवून घेतलं, १३४/८४. मुलीनं क्लासचा तो पॅकेजवाला प्रवेश घेतला नाही. केएमटीनं जाऊन येऊन करता येईल अशा एका साध्या कॉलेजात तिचं नाव घातलंय, तिथं प्रयोगशाळा खरोखर उघडते. पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये २५ पैकी ११ पडलेत, आणि घरात सगळे थोडे काळजीत आहेत. मीही आहे. पुढं ‘नीट’ला काय होईल ते आज कुणीच सांगू शकत नाही.

पण निघताना ते म्हणाले, "स्क्रू गेज हातात दिला म्हणं कॉलेजात. पोरगी घरी येऊन म्हणाली, पप्पा, हा तर तुमचा मायक्रोमीटर." त्या रविवारी ते तिला उद्यमनगरात घेऊन गेले आणि एका पत्र्याची जाडी तिच्याकडून मोजून घेतली. तीन वेळा चुकली, चौथ्यांदा बरोबर आली.

तुमच्या घरात अकरावीला गेलेलं मूल असेल तर या आठवड्यात त्याला एवढंच विचारा, की फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तू शेवटचं कधी गेला होतास. उत्तर ऐकून मग फीचा पुढचा हप्ता भरायचा की नाही ते ठरवा.